२८ मिलिमीटरची भानगड

ऐकलंत का? थांबा, आधी दार लोटून घ्या. भानगड साधीसुधी नाही, साक्षात सुपरमॅन तीत अडकलाय. हो हो, तोच तो, हेन्री कॅव्हिल. सहा फुटांवर उंची, दंड हे एवढाले, पडद्यावर कधीकाळी आभाळातून उडालेला गडी. आणि घरी बसून करतो काय, तर बोटाच्या पेराएवढे, जेमतेम २८ मिलिमीटरचे प्लास्टिकचे शिपाई पुढ्यात मांडून त्यांना बारीक ब्रशाने रंग लावतो. बरं, लपूनछपून तरी करावं! टीव्हीवरच्या गप्पांत, सगळ्या जगासमोर, हसतहसत कबूल करतो. मला तर बाई ऐकूनच कसंसं झालं. आता या शिपायांवर मालिका आणि सिनेमे काढायला ॲमेझॉन पुढे सरसावलंय, आणि त्यातही हाच आघाडीवर.

या वेडाचं नाव वॉरहॅमर ४०,०००, म्हणजे हे शिपाई टेबलावर मांडून फाशांनी लढवायचा खेळ. मुक्काम पोस्ट नॉटिंगहॅम, इंग्लंड. म्हणजे रॉबिन हूडचं गाव. तो निदान श्रीमंतांनाच लुटायचा. ही मंडळी शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशांनाही सोडत नाहीत. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली तीन मित्रांनी लंडनमध्ये काढली, तेव्हा लाकडी पट विकायची. किती सालस धंदा! पुढे संगत बिघडली. १९८७ मध्ये रिक प्रिस्टली नावाच्या गृहस्थांनी एक जाडजूड नियमपुस्तक लिहिलं आणि माणसाला थेट अडतीस हजार वर्षं पुढे नेऊन लढायला लावलं. तेव्हा म्हणे एका खोक्यात तीस शिपाई मिळायचे. रणगाडा हवा असेल तर डिओडरंटची रिकामी डबी फेकू नका, तिचाच करा, असं कंपनीच शिकवायची. विश्वास बसतो का? आज त्याच कंपनीचा एक यांत्रिक राक्षस घ्यायचा म्हटला तर हजार पौंडांच्या वर जातो. आणि तो जोडायचा आपला आपण. रंगही आपला आपण.

आता त्या शिपायांच्या घराण्याबद्दल सांगते, पण माझं नाव सांगू नका. मुळात एक सम्राट. त्याला प्रयोगशाळेत घडवलेले वीस मुलगे. त्यातल्या दोघांचं नावही घरात काढत नाहीत. काय केलं होतं देव जाणे, सगळ्या नोंदी पुसून टाकल्यात. उरले अठरा. त्यातला लाडका, होरस, बापावरच उलटला आणि जाताना निम्मे भाऊ फोडून घेऊन गेला. मारामारीत होरस मेला आणि बाप असा जखमी झाला, की गेली दहा हजार वर्षं एका सोन्याच्या सिंहासनावर ना जिवंत ना मेलेला असा बसवून ठेवलाय. त्याला टिकवायला रोज हजार माणसांचे जीव लागतात. रोज हं! तरी त्याचं राज्य चालूच, त्याच्या नावाने पूजाअर्चा चालू, आणि पूजा नको असं तो धडधाकट असताना घसा फोडून सांगत होता, ते कुणी मनावर घ्यायला तयार नाही. आपल्या मालिकावाल्यांच्या हाती हे कथानक लागलं नाही हे नशीबच, नाहीतर सोमवार ते शनिवार रात्री आठला आपली सुटका नव्हती.

पण एवढं सगळं होतं ते टेबलावर होतं. घरातल्या एका खोलीत, दाराआड. आपल्या पोरांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागला असता, कारण टेबलावरचा खेळ खेळायचा म्हणजे संसार आहे. शिपाई सुटे येत नाहीत, प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकं वेगवेगळं अडकलेलं येतं. ते कात्रीने कापा, साच्याची रेघ पात्याने खरवडा, डिंकाने चिकटवा, आधी अस्तराचा रंग मारा, मग मूळ रंग, मग खाचाखोचांत सावली उतरावी म्हणून पातळ काळसर रंग ओता, मग कडा उजळा. शेवटी शिरस्त्राणाच्या डोळ्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका द्या. तो ठिपका देताना श्वास धरायचा असतो म्हणे. हे एका शिपायाचं. असे पन्नास झाले, की मग कुठे फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलाशी जायचं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवूनच येतात. त्यांची पाठ कोरी असली तरी कुणी हरकत घेत नाही, आणि बुरुजाहून उंच गवळण दरवाजात उभी राहिली तरी गडाचा कारभार अडत नाही. इथे तसलं चालत नाही. अलीकडच्या नियमांत शंभरपैकी दहा गुण कशाचे ठेवलेत, सांगा पाहू. सैन्य रंगवलेलं असण्याचे! म्हणजे गडी लढाईत कितीही पराक्रमी असो, शिपाई करडे ते करडेच राहिले तर दहा गुण गेले. हे वाचलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

आणि मग २००४ चा सप्टेंबर उजाडला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेलिक कंपनीने हा सगळा पसारा उचलून कॉम्प्युटरमध्ये भरला. नाव ठेवलं डॉन ऑफ वॉर. टीएचक्यूने तो बाजारात आणला. तिथून पुढे जे झालं ते काय सांगू!

मुळात असल्या खेळांची एक रीत असते. आधी मजूर कामाला लावायचे, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, शेतं पिकवायची, चार घरं बांधायची, मग लढाई. संस्कार म्हणतात ते हेच. डॉन ऑफ वॉरने ते धाब्यावर बसवले. इथे कुणी खणत नाही, कुणी पिकवत नाही. नकाशावर मोक्याच्या जागा असतात; शिपायांची तुकडी पाठवायची, जागेवर झेंडा रोवायचा, की पुरवठा सुरू. जितके झेंडे तितकी आवक. आणि ही जागा शेजाऱ्याच्या नाकासमोरची असते. म्हणजे भांडणाला पहिल्या दोन मिनिटांत तोंड फुटतं. घरात बसून तटबंदी बांधणाऱ्या सज्जन माणसाला या खेळात किंमतच नाही. सज्जन माणसाच्या अंगणात शत्रूचा झेंडा लागलेला असतो.

शिवाय शिपाई एकेकटे मिळत नाहीत, टोळीने मिळतात. टोळीतले चार पडले तर तिथेच, गोळ्या चालू असताना, नवे चार मागवायचे. आणि प्रत्येक टोळीला धीर असतो. आगीचा फवारा मारला की तो धीर खचतो. मग ते जिवंत असले तरी त्यांच्याकडून धड निशाणा लागत नाही. इथवर ठीक. पण सम्राटाच्या साध्या फौजेत कोमिसार नावाचा एक अधिकारी असतो. २००५ च्या विंटर असॉल्ट या पुरवणीत तो आला. शिपाई कचरले, की हा पिस्तूल काढतो आणि आपल्याच फौजेतल्या एकाला सर्वांदेखत गोळी घालतो. बाकीचे लगेच दुप्पट जोमाने गोळ्या झाडायला लागतात. त्यासाठी पडद्यावर चक्क बटण दिलंय! मी म्हणते, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातल्या लोकांना हा खेळ दाखवू नका.

तसाच तो ड्रेडनॉट. एखादा योद्धा मरणाच्या दारात असला, की त्याला मरू देत नाहीत. एका लोखंडी शवपेटीत घालतात, पेटीला हातपाय बसवतात आणि परत कामावर रुजू करून घेतात. ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी. हा ड्रेडनॉट शत्रूला यांत्रिक पंजात उचलतो, हवेत धरतो, चिरडतो, भिरकावतो. मागे आपला तळ जळत असला तरी गडी आपला प्रवेश पूर्ण केल्याशिवाय हलत नाही. आणि खेळणारे? ते लढाई सोडून कॅमेरा जवळ नेतात आणि बघत बसतात. माणसं काय मेली, तळ काय पडला, यांचं लक्ष कुठे? अरे, जरा तरी जनाची नाही तर मनाची!

कथेबद्दल तर बोलायलाच नको. नायक गॅब्रिएल अँजेलोस, ब्लड रेव्हन्स नावाच्या तुकडीचा कॅप्टन. स्वतःच्या जन्मग्रहाची राखरांगोळी करायला स्वतःच लावून आलेला. त्याचा जिवाभावाचा मित्र इसाडोर भलत्याच नादाला लागून फितूर झाला. त्या टार्टारस ग्रहावर एक शापित दगड. माखा नावाची एल्डर जातीची एक जाणती बाई पहिल्यापासून बजावत होती, की बाबांनो, त्या दगडापासून दूर राहा. पण बाईचं ऐकतील तर ते पुरुष कसले! शेवटी गॅब्रिएलने हातोडा घातला, दगड फोडला आणि आतलं भूत बाहेर काढलं. या ब्लड रेव्हन्सविषयी आणखी एक कुजबुज आहे. खरं-खोटं नॉटिंगहॅमकरांना ठाऊक, पण जिथे जातील तिथून दुसऱ्यांच्या मौल्यवान वस्तू यांच्याकडे येतात आणि विचारलं की भेट मिळाली म्हणून सांगतात. चाहते तर यांना उघड उघड चोर म्हणतात.

या खेळातल्या ऑर्क लोकांविषयी मात्र मला मनापासून आपुलकी आहे. हिरवे, आडदांड, मैदानाबाहेर राडा करणाऱ्या इंग्रज फुटबॉलवेड्यांच्या बोलीत बोलणारे. त्यांना आईबाप नाहीत. ते बुरशीतून उगवतात. त्यांची हत्यारं भंगारातून जोडलेली असतात आणि चालतात ती केवळ चालतील असा त्यांचा विश्वास असतो म्हणून. गाडी लाल रंगवली की जोरात पळते, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि ती पळतेही. जांभळा रंग लावला की कुणाला दिसत नाही म्हणे. पुरावा? जांभळा ऑर्क कुणी कधी पाहिलाय का? घ्या. आहे का उत्तर?

रंगाचा विषय निघालाच आहे तर आता मुद्द्यावर येते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. डॉन ऑफ वॉरमध्ये एक कप्पा आहे, आर्मी पेंटर. लढाईत उतरण्याआधी आपल्या फौजेचे रंग आपण ठरवायचे. चिलखताचा मुख्य रंग एक, दुसरा रंग वेगळा, किनार वेगळी, बंदुकीचा रंग वेगळा, डोळ्यांचा वेगळा. शिवाय खांद्यावर चिन्ह आणि पाठीमागे झेंडा आपल्या पसंतीचा. विश्वाचा विनाश दारात उभा आहे, ऑर्क ओरडत येतायत, आणि आमचे सेनापती विचारात पडलेत की शेंदरी चिलखतावर मोरपंखी किनार उठून दिसेल की नाही. शालूचा काठ निवडताना आपण दुकानदाराला चारच गठ्ठे उलगडायला लावले तर हीच पुरुष मंडळी बाहेर फूटपाथवर जाऊन उभी राहतात ना? यांनी पाऊण तास खांद्याची किनार निवडली तर ती म्हणे रणनीती!

आता सांगा, हिशेबाने काय व्हायला हवं होतं? माउसच्या चार टिचक्यांत अख्खी फौज रंगून तयार. ना डिंक, ना कात्री, ना श्वास धरणं. नॉटिंगहॅमकरांच्या रंगाच्या डब्या धूळ खात पडायला हव्या होत्या. झालं उलटंच. पडद्यावर आपल्या रंगाची फौज एकदा पाहिली, की ती हातात धरावीशी वाटते. आज पस्तिशी-चाळिशीत पोहोचलेली कितीतरी माणसं सांगतात, की आम्हाला या नादाला डॉन ऑफ वॉरनेच लावलं; आधी सीडी आली, मग ब्रश आला, मग कपाट भरलं. ब्लड रेव्हन्स तर खास त्या कॉम्प्युटरच्या खेळासाठी निर्माण केलेले, पण लोकांनी ते तांबडे शिपाई टेबलावरही रंगवायला घेतले. लोक म्हणतात युद्धाचं वेड. डोंबल युद्धाचं वेड! युद्ध हे निमित्त आहे, सगळं वेड रंगकामाचं आहे.

आणि हे वेड आजचं आहे असं समजू नका. एच. जी. वेल्स, ज्यांच्या मंगळावरून आलेल्या स्वारीने जगाची झोप उडवली, ते थोर गृहस्थ लोळण घेऊन जमिनीवर खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई पाडत असत. १९१३ मध्ये त्यांनी 'लिटल वॉर्स' म्हणून त्याचं पुस्तकच काढलं. वर त्यांचं म्हणणं असं, की खरी युद्धं बंद करा आणि हे खेळा. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. कुणी ऐकलं नाही. माखाबाईंचं तरी कुठे ऐकलं?

कुळकथेतही एक कुजबुज आहेच. वॉरक्राफ्ट ठाऊक असेल, १९९४ चा. तो बनवताना ब्लिझार्डमध्ये वॉरहॅमरचा परवाना घ्यावा असा विचार घोळत होता, असं तिथल्याच एका जुन्या प्रोग्रामरने पुढे लिहून ठेवलंय. सोयरीक जमली नाही. पण तिथले हिरवे ऑर्क आणि इथले हिरवे ऑर्क शेजारी उभे करा आणि नाकीडोळी बघा. मी काही म्हणत नाही.

डॉन ऑफ वॉरच्या घरातही सगळं आलबेल नव्हतं. २००६ ची डार्क क्रुसेड ही पुरवणी नावाजली गेली. २००८ मध्ये सोलस्टॉर्म आला, आणि त्यात नऊ फौजा ज्या ग्रहमालेसाठी भांडतात तिचं नाव काय ठेवावं? कौरव. पांडव कुठे दिसले नाहीत. ही पुरवणी आयर्न लोर नावाच्या दुसऱ्याच कंपनीने केली, आणि ती बाजारात येईपर्यंत ती कंपनीच बंद पडली. त्यातला एक कॅप्टन 'स्पेस मरीन', म्हणजे सम्राटाचे खास योद्धे, हे शब्द असे काही वेडेवाकडे उच्चारतो, की खेळाडू अजून त्याच्या नकला करतात. दुसऱ्या भागात, २००९ मध्ये, मोहिमेतून तळ बांधणंच काढून टाकलं. अर्धे लोक खूश, अर्धे रुसले. २०१२ च्या डिसेंबरात टीएचक्यूचं दिवाळं निघालं आणि रेलिक २ कोटी ६६ लाख डॉलरना सेगाच्या घरी गेली. २०१७ मध्ये तिसरा भाग आला, तेव्हा गॅब्रिएल अवजड चिलखतासकट कोलांटी उडी मारताना दिसला आणि चाहत्यांनी डोक्याला हात लावला. दगड फोडला तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. कोलांटीने मात्र अब्रू गेली! २०१८ च्या फेब्रुवारीत त्या भागात नवी भर घालणंच थांबवलं.

टेबलावरच्यांचे रुसवे आणखी वरचे. २०१५ मध्ये कंपनीने आपलं जुनं जादूटोण्याचं जग, म्हणजे या वॉरहॅमरचं थोरलं भावंड, कथेतच नष्ट करून टाकलं, तर एका गृहस्थांनी आपली रंगवलेली अख्खी फौज पेटवून त्याचं चित्रीकरण जगाला दाखवलं. अगंबाई! तेवढा रंग, तेवढे ठिपके, सगळं खाक. २०१७ मध्ये सम्राटाचे शिपाईच उंच करून टाकले. झालं, कपाटातले जुने एका दिवसात बुटके दिसायला लागले आणि लोक नवे घ्यायला धावले. नियमांची पुस्तकं तर अलीकडे दर तीन वर्षांनी बदलतात. एवढं करून कंपनी बुडाली असेल असं वाटतंय ना? २०२४ च्या डिसेंबरात तिला लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत नेऊन बसवलं. २०२४-२५ या वर्षात तिचा महसूल ६० कोटी पौंडांच्या वर गेला. प्लास्टिकच्या शिपायांवर! आणि इथे आपण बँकेच्या मुदत ठेवीचा व्याजदर विचारत फिरतोय.

आता ताजी बातमी, आणि हीच सांगायला आले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिला डॉन ऑफ वॉर साफसूफ करून, तिन्ही पुरवण्यांसकट पुन्हा बाजारात आला. वीस वर्षांपूर्वीचे वेडे परत लागलेत रंग निवडायला. त्याच महिन्यात चौथ्या भागाची घोषणा झाली. या खेपेला तो जर्मनीतल्या ब्रेमेनची किंग आर्ट ही कंपनी करतेय आणि २०२६ हे साल दिलंय. ब्लड रेव्हन्स आहेत, ऑर्क आहेत, आणि लोक ज्यासाठी कॅमेरा जवळ न्यायचे ती मारामारीही परत येतेय.

तेव्हा सांभाळून राहा. खेळापुरते पैसे पोराने मागितले तर खुशाल द्या, स्वस्त आहे ते. पण घरातलं कुणी, मग ते पोर असो की पोराचे वडील, ओटीपी विचारायला आलं आणि नजर चुकवायला लागलं, तर आकडा सांगण्याआधी एवढंच विचारा: बाबा रे, यात ब्रश किती आहेत?